कुरळें पिल्लूं कोणाच्या वळणावर गेलें?

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे बारशाच्या आधींच त्याच्या अवयवांची वांटणी सुरू होते, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं कोणास नाहीं? नाक आजोबांचें, जिवणी आत्याची, कपाळ मामाचें, असा निवाडा पाळण्याभोंवतीं बसून केला जातो. ह्या निवाड्याचा एक अलिखित नियमहि आहे. मूल गोरें, नाकेलें, हुशार निघालें तर तें "आमच्या घराण्याच्या वळणावर" गेलेलें असतें. आणि त्यांत कांहीं उणें दिसलें तर तें "तिच्या माहेरचें" ठरतें. नियम इतका जुना आहे कीं त्यांत अन्याय आहे हें बोलणाऱ्यास जाणवत नाहीं, आणि जिच्याविषयीं बोललें जातें ती तर तोंड उघडीत नाहीं. ह्या नियमाविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत. परंतु तेथें जावयाची वाट एका मांजराच्या घरावरून जाते, तेवढा वळसा वाचकांनीं सोसावा अशी विनंति आहे.

आमचा एक पुतण्या इंग्लंडांत नोकरीस असतो. त्यानें मध्यंतरीं आपल्या घरीं आणलेल्या मांजराचें छायाचित्र धाडलें. मांजर सडपातळ, कान मोठे, पाय उंच. अंगावरचे केस आंखूड, आणि ओढ्याकांठच्या वाळूवर उमटाव्या तशा लहरी त्यांवर उमटलेल्या. मिशासुद्धां सरळ नाहींत. त्याहि वळून गालाशीं आलेल्या. आमच्या सौभाग्यवतींनीं चष्मा पुसून तें चित्र दोनदां पाहिलें आणि विचारलें, "बिचाऱ्याला खरूज झाली आहे कीं काय?" आठ वर्षांच्या नातीस मात्र तें फार आवडलें. ती म्हणाली, "आजोबा, ह्याचे आईबाबाहि असेच कुरळे होते का? नसतील, तर हें कोणाच्या वळणावर गेलें?" संस्कृत शिकविण्यांत सारा जन्म गेलेल्या आम्हांस ह्या प्रश्नाचें उत्तर तेथल्या तेथें देतां आलें नाहीं. मग पुस्तकें मिळवून वाचलीं, शास्त्र जाणणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांस विचारलें, आणि जें हातीं आलें तें येथें सांगत आहों.

प्रथम केसांविषयीं. आपल्या ओटीवर वावरणाऱ्या साध्या मांजराच्या अंगावर तीन प्रकारचे केस असतात. सर्वांत वरचे लांब व ताठ; ते पावसापाण्यापासून अंग राखतात. त्यांच्या खालीं मधले, टोंकाशीं किंचित् जाड. आणि सर्वांत आंत कापसासारखी मऊ लव, जिच्यामुळें ऊब राहते. मिशा ही चौथी आणि निराळीच वस्तु होय. त्या वरच्या ओठाच्या दोन्ही बाजूंस सुमारें बारा-बारा, चार ओळींत असतात. त्यांचीं मुळें इतर केसांच्या मानानें तिपटीनें खोल गेलेलीं असून त्यांच्याभोंवतीं ज्ञानतंतूंचें दाट जाळें असतें. अगदीं नाकाजवळची वस्तु मांजरास डोळ्यांनीं नीट दिसत नाहीं. तेथें मिशा कामास येतात. फडताळामागच्या फटींत अंग मावेल कीं नाहीं, हें अंधारांत त्यास मिशाच सांगतात.

पुतण्याच्या मांजराच्या जातीस कॉर्निश रेक्स असें नांव आहे. ह्या जातींत वरचे ताठ केस नसतातच. राहते ती लव, आणि तीहि नागमोडी. मिशा आंखूड व वळलेल्या. पांघरूण असें तोकडें म्हणून थंडी लवकर बाधते, आणि म्हणूनच हें मांजर सदा शेगडीपाशीं किंवा कोणाच्या तरी मांडीवर सांपडतें. "रेक्स" हा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ राजा. आपला "राजन्" आणि हा "रेक्स" एकाच मूळ धातूचे वंशज होत, असें भाषाशास्त्र सांगतें. परंतु मांजरास हें राजपद ससोब्यांकडून मिळालें. फ्रान्समध्यें १९१९ सालीं निराळ्याच मऊ केसांचे ससे आढळले व त्यांस रेक्स म्हणूं लागले; त्यांच्यावरून पुढें मांजरांसहि तेंच नांव पडलें.

आतां ह्या घराण्याच्या मूळपुरुषाची हकीकत. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल नांवाचा परगणा आहे. तेथील बॉडमिन मूर ह्या माळरानावरील एका शेतवाडींत सेरेना नांवाची एक साधी तिरंगी मांजरी होती. २१ जुलै १९५० रोजीं ती व्याली व तिला पांच पिल्लें झालीं. चार पिल्लें चारचौघांसारखीं. पांचवें, फिकट सायीच्या रंगाचा एक बोका, अंगभर कुरळें आणि मिशाहि कुरळ्या. त्याचें नांव कॅलिबंकर ठेवण्यांत आलें. वाडीच्या मालकीणबाईंनीं पूर्वी रेक्स ससे पाळलेले होते. म्हणून हा रोग नसून जन्मजात गुण असावा, हें त्यांनीं ओळखलें. ज्यूड नांवाच्या आनुवंशतज्ज्ञांचा सल्ला त्यांनीं घेतला. ज्यूड ह्यांनीं सांगितलें कीं, हा बोका मोठा झाल्यावर त्याचा संबंध त्याच्या आईशींच येऊं द्यावा. हें वाचतांना आपणांस कसेंसेंच होतें खरें. परंतु पशूंचा आचार पशूंचा, आणि तज्ज्ञांस त्यांतून एक गोष्ट ताडून पाहावयाची होती. तसें केल्यावर सेरेनेस पुन्हां कुरळीं पिल्लें झालीं. जगांतील कॉर्निश रेक्स जातीचा विस्तार ह्या मायलेकरांपासून झाला.

सेरेना स्वतः सरळ केसांची. मग तिच्या पोटीं कुरळें पिल्लूं कसें आलें? ह्याचें उत्तर ऑस्ट्रियाच्या राज्यांतील ब्रून शहरच्या मठांत राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल ह्या साधूनें मांजरांच्या पुष्कळ आधीं वाटाण्यांवरून शोधून ठेवलें होतें. गोल दाण्याचा वाटाणा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा ह्यांचा त्यानें संकर केला, तों पहिल्या पिढींत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती जणूं नाहींशी झाली. त्या गोल दाण्यांपासून पुढची पिढी काढली, तेव्हां ५४७४ दाणे गोल आणि १८५० सुरकुतलेले भरले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. जी सुरकुती गेली असें वाटलें होतें, ती गेली नव्हती. एक पिढी दडून बसली होती. मेंडेलचा हा निबंध १८६६ सालीं छापला गेला, आणि जगानें त्याची किंमत ओळखली १९०० सालीं, तो वारल्यानंतर सोळा वर्षांनीं.

ह्यांतील तत्त्व घरगुती दृष्टान्तानें सांगतां येईल. एका घरांत एकाच ग्रंथाच्या दोन हस्तलिखित पोथ्या आहेत असें समजा. एक आईकडून आलेली, दुसरी बापाकडून. प्राण्याच्या शरीरांतील बहुतेक पेशींत अशीच दुहेरी पोथी असते. पोथीचे खंड म्हणजे गुणसूत्रें. मांजरांत त्यांच्या १९ जोड्या आहेत, मनुष्यांत २३. त्या खंडांतील एकेक प्रकरण म्हणजे एकेक जनुक. आतां नकलकाराच्या हातून एका पोथींत एखादें प्रकरण बिघडलें, तरी दुसरींतील तेंच प्रकरण शुद्ध असल्यास पाठ अडत नाहीं. ऐकणारास चूक कळतहि नाहीं. ज्या गुणाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यावांचून तो बाहेर दिसत नाहीं, त्यास शास्त्रज्ञ अप्रभावी गुण म्हणतात. कॉर्निश रेक्सचा कुरळेपणा हा अशा प्रकारचा आहे. सेरेनेजवळ एक प्रत शुद्ध व एक सदोष होती. म्हणून ती स्वतः सरळ केसांची. कॅलिबंकरच्या वांट्यास दोन्ही प्रती सदोष आल्या. त्यांतली एक आईची, पण दुसरी? ती बापाचीच असली पाहिजे. तो बाप कोण होता हें खात्रीनें सांगतां येत नाहीं. परंतु तो कोणीहि असो, त्याच्याहि जवळ ती चूक होती, एवढें मात्र निश्चित. एकट्या आईच्या दोषानें कुरळें पिल्लूं होऊंच शकत नाहीं.

आमच्या लहानपणीं वडीलधारी मंडळी अपूर्णांक आण्यांत सांगत. तोच हिशेब येथें सोपा पडतो. आई व बाप दोघेहि वरून सरळ, पण प्रत्येकाजवळ एकेक सदोष प्रत, असें असेल तर दर खेपेस पिल्लूं कुरळें होण्याचा संभव रुपयांत चार आणे. एक जण कुरळा व दुसरा असा दडलेल्या दोषाचा धनी असेल, तर आठ आणे. आईशीं कॅलिबंकरचा संबंध आणण्याचा हेतु हाच होता. आणि कुरळ्याची गांठ पूर्ण शुद्ध प्रतींच्या मांजराशीं पडली तर पिल्लें सगळीं सरळ; पण त्यांतलें प्रत्येक पिल्लूं ती चूक पोटांत घेऊन फिरणार.

ही चूक नक्की काय आहे, हें २०१३ सालीं उघडकीस आलें. एलपीएआर-६ नांवाच्या जनुकांतील चार अक्षरें गळालेलीं आहेत. ज्यांनीं अक्षरगणवृत्तें शिकलीं आहेत, त्यांस ह्याचा परिणाम चटकन् कळेल. आनुवंशिक लिपींत अक्षरें चारच. परंतु त्यांचें वाचन तीन तीन अक्षरांच्या गटांनीं होतें, जसे आपण वृत्ताचे गण पाडतों. तीन अक्षरें गळालीं असतीं तर एक गण गेला असता आणि बाकीचा चरण ठीक राहिला असता. येथें गळालीं चार. त्यामुळें पुढचा प्रत्येक गण सरकला, अर्थाचा अनर्थ झाला, आणि वाटेंतच "समाप्त" अशी खूण लागून पाठ थांबला. ह्या जनुकानें केसाच्या मुळाशीं असलेल्या पेशींवर एक प्रकारचें कुलूप तयार व्हावयाचें असतें. ठराविक किल्ली त्यांत फिरली म्हणजे केसाची वाढ नीट होते. कुलूपच अर्धवट, मग केस सरळ कोठून यावा? पुढें २०२० सालीं रशियांतील उरल रेक्स ह्या कुरळ्या जातीचा शोध झाला, तेव्हां तेथें कुलूप धड असून किल्ली घडविणाऱ्या जनुकांत बिघाड सांपडला. कुलूप मोडो कीं किल्ली हरवो, दार बंदच राहावयाचें!

कुरळीं मांजरें सगळीं एकाच कुळाचीं, असा मात्र समज करून घेऊं नये. कॉर्नवॉलला लागून डेव्हन परगणा आहे. तेथें १९६० सालीं एका बेवारशी मांजरीस कुरळें पिल्लूं झालें. त्याचें नांव कर्ली. बाप म्हणून ज्याच्याकडे बोट दाखविलें गेलें, तो एका ओसाड खाणीजवळ हिंडणारा कुरळा रानबोका. शेजारचाच परगणा, कुरळेपणाहि तसाच. तेव्हां हें कॅलिबंकरचें भाऊबंद असेल, असें समजून कर्लीचा संबंध कॉर्निश मांजरींशीं आणण्यांत आला. पिल्लें झालीं तीं झाडून सगळीं सरळ केसांचीं! कुरळा बाप, कुरळी आई, आणि मुलें सरळ. ह्याचा अर्थ हाच कीं, दोन्ही घराण्यांच्या पोथ्यांतील चुका निरनिराळ्या प्रकरणांत होत्या. एकीचें जें प्रकरण बिघडलेलें तें दुसरींत शुद्ध, आणि दुसरीचें पहिलींत शुद्ध. म्हणून मुलांचा पाठ निर्दोष निघाला. बर्लिन येथें १९५१ सालीं एका कुरळ्या मांजरीचा शोध लागला होता. तिच्या जर्मन वंशांतील चूक मात्र कॉर्निशच्याच जातीची निघाली.

डेव्हन रेक्सच्या मिशा तर इतक्या ठिसूळ असतात कीं पुष्कळदां मोडून नुसते खुंट राहतात. ह्या जातींतील बिघडलेलें जनुक केआरटी-७१ हें होय, असें २०१० सालीं कळलें. केस त्वचेंतून बाहेर येण्यापूर्वी एका नळीवजा आवरणांतून येतो, आणि त्या आवरणाचें एक द्रव्य हें जनुक पुरवितें. आमच्या भगिनींस सोऱ्याचा दृष्टान्त पुरे आहे. पीठ चांगलें असलें तरी चकती खराब असेल तर शेव वांकडी पडते आणि मध्येंच तुटते. त्याच जनुकांतील निराळ्या बिघाडामुळें स्फिंक्स जातीचीं मांजरें जवळजवळ केसरहित होतात. त्यांच्यासारखें पहिलें पिल्लूं कॅनडांतील टोरांटो शहरीं १९६६ सालीं जन्मलें. आणि अमेरिकेंतील माँटाना प्रांतांत १९८७ सालीं जन्मलेल्या एका कुरळ्या मांजरीनें तर उलटाच प्रकार दाखविला. तिचा संबंध काळ्या पर्शियन बोक्याशीं आल्यावर सहा पिल्लांपैकीं तीन कुरळीं निघालीं. तो बोका कुरळ्यांच्या गोताबाहेरचा, तरी गुण लगेच उघडा! सेल्कर्क रेक्स म्हणतात ती जात हीच. हिचाहि बिघाड केआरटी-७१ मध्येंच आहे. पण तो प्रभावी प्रकारचा, म्हणजे एकच सदोष प्रत पुरे. आरतींत एकानें भलताच सूर धरला कीं दुसऱ्यानें कितीहि नीट म्हटलें तरी आरती बिघडते, तसें हें समजावें. अशा गुणांत एकाकडे बोट दाखवितां येईल. अप्रभावी गुणांत तें कधींहि दाखवितां येत नाहीं.

ह्या मांजरांच्या कथेस एक दुःखाची बाजूहि आहे. कुरळेपणा टिकवावयाचा तर नात्यांतल्या नात्यांत संबंध करावे लागतात. आणि तसें करतांना केवळ कुरळेपणाच जुळून येतो असें नाहीं, पोथींतल्या इतर दडलेल्या चुकाहि जुळून येतात. डेव्हन रेक्स व स्फिंक्स जातींतील कांहीं पिल्लांच्या स्नायूंत जन्मतःच बळ नसतें; मान खालीं पडते, घास गिळतांना अडकतो. ह्या विकाराचें जनुक २०१५ सालीं सांपडलें, आणि हाहि विकार अप्रभावीच आहे. ज्यांस सुंदर कुरळीं मांजरें हवीं होतीं त्यांनीं हा विकार मागितला नव्हता. पण एकाच घरच्या दोन पोथ्या एकत्र आणल्या म्हणजे एकच चूक दोन्हींत असण्याचा संभव वाढतो, हा नियम कोणाची इच्छा विचारीत नाहीं.

आतां आमच्या घरची गोष्ट. ही लिहावी कीं न लिहावी, ह्याचा आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला. ज्यांच्याविषयीं ती आहे त्यांपैकीं बहुतेक आतां हयात नाहींत, आणि जो आहे त्याची परवानगी घेतलेली आहे.

आमच्या धाकट्या काकांचें लग्न त्यांच्या मामेबहिणीशीं झालें होतें. देशस्थ घराण्यांत ही चाल नवी नाहीं. आजीनें स्वतः हट्ट धरून आपल्या सख्ख्या भावाची मुलगी सून म्हणून आणिली. पहिली मुलगी धडधाकट झाली. दुसरा मुलगा दोन वर्षांचा होऊनहि बोलेना; मागें थाळी वाजविली तरी वळून पाहीना. पुण्याच्या डॉक्टरांनीं सांगितलें कीं ह्यास जन्मतःच ऐकूं येत नाहीं. त्या रात्रीं माजघरांत आजी जें बोलली तें आम्ही दहा वर्षांच्या वयांत दाराआडून ऐकलें. ती म्हणाली, "आमच्या घराण्यांत असें कधीं कोणी झालें नाहीं. हें हिच्याकडून आलें." काकू खालीं मान घालून तांदूळ निवडीत होती; तिनें मान वर केली नाहीं. पुढें तिनें सोळा सोमवार केले, अनवाणी देवास गेली, आणि कोणाच्या डोहाळजेवणास बोलावणें आलें तर कांहीं निमित्त काढून घरींच राहूं लागली. तिला कोणी येऊं नको म्हटलें नव्हतें. तिचें तिनेंच ठरविलें होतें.

ह्यांतील विसंगति त्या भरल्या घरांत कोणाच्याच लक्षांत आली नाहीं. "हिच्याकडून" म्हणजे कोणाकडून? काकूचें माहेर तेंच आजीचें माहेर. तो दोष जर खरोखर त्या घरांतून आला असेल, तर त्याची एक प्रत आजीच्या भावाकडून काकूकडे आली असणार. आणि दुसरी, जिच्यावांचून मूल बहिरें होऊंच शकलें नसतें ती, आजीकडून तिच्या स्वतःच्या मुलाकडे. सेरेनेच्या पिल्लास जसा बाप हवा होता, तसे येथें काका हवे होते. बोट ज्या हातानें दाखविलें, त्याच हातीं दुसरी प्रत होती.

पुढें आम्ही शिक्षक झालों. एकदां शास्त्राचे शिक्षक रजेवर गेले असतां मेंडेलचे वाटाणे शिकविण्याचें काम आमच्याकडे आलें. फळ्यावर चार चौकोन काढून आम्हीं मुलांस सांगितलें कीं, असा गुण येण्यास दोघांचाहि वाटा लागतो. आणि सांगतां सांगतां आमचा खडू थांबला. त्या संध्याकाळीं जेवावयास बसलों, तेव्हां काकू वाढीत होती. आजी समोर पाटावर बसली होती. तिचें वय तेव्हां ऐंशीच्या पुढें. बोलावें असें मनांत दहादां आलें. परंतु म्हातारीस ह्या वयांत काय दुखवावें, आणि काकूची जखम आतां कशाला उघडावी, असें म्हणून आम्ही भात कालवीत राहिलों. आजी गेली. काकूहि जाऊन आज वीस वर्षें झालीं. चार चौकोन आणि चार वाक्यें, एवढ्यानें जिच्या मनावरचा डोंगर उतरला असता, तिला तीं वाक्यें आम्हीं कधींच सांगितलीं नाहींत. शिक्षक म्हणून तीस वर्षें बोललों आणि जेथें बोलावयाचें तेथें गप्प बसलों, हें शल्य आम्हांस आहे.

येथें दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. एक अशी कीं, जन्मजात बहिरेपणास कारणें अनेक असतात. गरोदरपणींच्या कांहीं आजारांनींहि तो येतो. त्या काळीं आपल्याकडे तपासण्याची सोय नव्हती, तेव्हां आमच्या चुलतभावाच्या बाबतींत आनुवंशिक दोषच होता असें आम्ही शपथेवर सांगणार नाहीं. परंतु कारण असा अप्रभावी दोष धरलें तर तें दोघांचें, आणि गरोदरपणींचा आजार धरलें तर कोणाचेंच नव्हे. तें एकट्या काकूचें म्हणण्यास कांहीं आधार नव्हता. दुसरी गोष्ट अशी कीं, मनुष्याचे साधे कुरळे केस मांजराप्रमाणें एकाच जनुकावर ठरत नाहींत. त्यांत अनेक जनुकांचा हात असतो. म्हणून नातवाचे केस कुरळे निघाले तर कोणी पोथ्या शोधूं नयेत. मात्र ज्या एलपीएआर-६ मुळें कॉर्निश मांजर कुरळें होतें, त्याच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या असतां माणसाचे केस लोकरीसारखे व विरळ होतात, हें २००८ सालीं सिद्ध झालें. आणि अशीं कांहीं कुटुंबें पाकिस्तानांतील, नात्यांत लग्नें झालेलीं अशीं होतीं. मांजराचा आणि मनुष्याचा कायदा एकच आहे.

मामेबहिणीशीं लग्न झालें असतां एखाद्या जनुकाची एकाच पूर्वजाकडची प्रत दोन्ही वाटांनीं येऊन मुलांत जुळण्याचा संभव सोळांत एक, म्हणजे रुपयांत एक आणा. ही रक्कम मोठी नव्हे. अशा बहुतेक जोडप्यांचीं मुलें निरोगी निपजतात. तथापि ती शून्यहि नव्हे. आपल्या याज्ञवल्क्यादि स्मृतिकारांनीं आईकडून पांच व बापाकडून सात पिढ्यांपर्यंतचें सापिंड्य वर्ज्य सांगितलें आहे. बौधायनानें मामेबहिणीशीं विवाह हा दाक्षिणात्यांचा आचार म्हणून नोंदविला आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें ही मर्यादा आईकडून तीन व बापाकडून पांच पिढ्यांवर आणिली आणि रूढि असेल तेथें सूट ठेविली. आम्ही धर्मनिर्णय करीत नाहीं. इतकेंच सांगतों कीं, पत्रिका पाहतांना आपण गोत्र विचारतों, आणि गोत्र केवळ बापाच्या बाजूनें चालतें. मामाच्या मुलीचें गोत्र निराळें असतें, पण पोथी निराळी नसते. आज रक्त तपासून पुष्कळ दडलेले दोष आधीं कळूं शकतात. नात्यांत लग्न ठरत असेल, किंवा घरांत पूर्वी एखादें मूल तसें झालें असेल, तर आनुवंशिकीच्या डॉक्टरांस आधीं भेटावें. त्यांत लाज कसली? मांजरें पाळणारे कित्येकसुद्धां आतां तशी तपासणी करून मगच संबंध ठरवितात.

आमचा चुलतभाऊ मूकबधिरांच्या शाळेंत शिकला, तेथेंच छपाईचें काम शिकला, आणि एका छापखान्यांत खिळे जुळवून त्यानें संसार केला. आम्हीं लिहिलेला हा लेख त्यानें वाचला आणि कागदाच्या कडेस लिहून दिलें, "आईला हें कोणीं सांगावयास पाहिजे होतें." त्यावर आम्हीं कांहीं लिहिलें नाहीं, लिहिण्यासारखें कांहीं नव्हतेंच.

नातीस आम्हीं उत्तर दिलें आहे. पुतण्याच्या मांजराचे आईबाप दोघेहि कुरळे. पण त्याची ती फार मागची आजी सेरेना सरळ केसांची, आणि तिचा कुरळा मुलगा एकट्या तिच्या वळणावर गेलेला नव्हता. तो दोघांच्याहि वळणावर गेला होता. नातीनें थोडा विचार केला आणि विचारलें, "मग बापाचें नांव कोणीं घेतलें नाहीं?" नाहीं बाळ, कोणीं घेतलें नाहीं.

पुढच्या खेपेस आपल्या घरीं पाळणा हालेल, आणि त्यांतील बाळांत कांहीं उणें दिसून कोणी वडील माणूस "हें तिच्या माहेरचें" असें म्हणूं लागेल, तेव्हां जवळ बसलेल्यांपैकीं एकानें तरी कुरळ्या मांजराची ही गोष्ट तेथल्या तेथें, त्या सुनेच्या देखत सांगावी. इतकें झालें तरी लेख लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.